समन्याय म्हणजे सवलत नव्हे

समन्याय (गरजेनुसार आधार) आणि समानता (सर्वांना सारखे वाटप) यांत नेहमी गल्लत होते. ज्या विहिरीचे पाणी वीस हात खोल, तिथे दहा हातांचा दोर काय कामाचा?

पाथर्डी तालुक्यातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, परततात उन्हाळ्यात. शाळेत पुस्तके, खिचडी सर्वांना सारखीच. पण मूलच गावात नसेल तर? म्हणून हंगामी वसतिगृह (आईवडील बाहेर असताना मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय). याला ‘फुकटचे लाड’ म्हणणारे भेटतात. वरवर पाहता तसे वाटणे स्वाभाविकही आहे. मात्र त्या मुलांना जादा गुण मिळत नाहीत. फळा तोच, परीक्षाही तीच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही स्थलांतरितांच्या मुलांचा शाळाप्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची (इथे जिल्हा परिषदेची) जबाबदारी ठरवली आहे.