धुराड्यातून जाणारे पाणी

थंड पाण्याने भरलेले पातेले गॅसच्या शेगडीवर ठेवले, की पहिल्या मिनिटभरात त्याच्या बाहेरच्या अंगाला ओल धरते. पातेले गळते की काय, अशी शंका बहुतेक घरांत कधी ना कधी आलेली असते. पातेले धडधाकट असते. ते पाणी ज्योतीतून आलेले असते!

कारखान्यांत जळणारा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या रेणूत कार्बनचा एक आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. जळताना कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो व हायड्रोजनचे पाणी. १ घनमीटर वायूपासून सुमारे १.६ किलोग्रॅम पाणी तयार होते. एखाद्या बॉयलरमध्ये तासाला १०० घनमीटर वायू जळत असेल, तर दर तासाला १६० लिटर पाणी वाफ होऊन धुराड्यातून आकाशात जाते. पाणी गेल्याचे दुःख नाही. पण ती वाफ आपली सुप्त उष्णता बरोबर घेऊन जाते. १ घनमीटर वायूची एकूण उष्णता सुमारे ९,५०० किलोकॅलरी धरली, तर त्यांतील ९३० या वाफेत अडकतात. जवळजवळ दहावा हिस्सा!

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी एक दुग्धशाळा पाहण्यास गेलो होतो. तेथील धुराड्यात तापमान २०० अंश सेल्सिअस होते, आणि ऑक्सिजनमापक ११ टक्के दाखवीत होता. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. म्हणजे आत घेतलेल्या हवेपैकी निम्मी हवा काही काम न करता नुसती तापून बाहेर पडत होती. १ घनमीटर मिथेनला साडेनऊ घनमीटर हवा पुरते. येथे १९ घनमीटर चालली होती. बॉयलरवाल्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, हवा जास्तच बरी. कमी पडली तर घोटाळा होतो."

त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. हवा कमी पडली तर विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो व वायूही अर्धवट जळतो. पण त्यासाठी दहा टक्के जादा हवा पुरेशी असते. तेवढीच ठेवली, तर ऑक्सिजनमापकावर २ टक्के दिसतात आणि दर घनमीटर वायूमागे सुमारे ४५० किलोकॅलरी वाचतात. खर्च म्हणाल तर हवेची झडप नीट लावण्याचा!

वाफेतील उष्णता मिळवायची, तर जळून निघालेले वायू दवबिंदूखाली, म्हणजे साधारण ५५ अंशांच्या खाली थंड करावे लागतात. हवा दुप्पट असेल तर वाफ विरळ होते आणि दवबिंदू ४५ अंशांच्या आसपास उतरतो. म्हणून आधी हवा आवरायची. मग धुराड्याच्या वाटेवर नळ्यांचे जाळे बसवून त्यांतून थंड पाणी खेळवायचे. नळ्यांवर वाफ निवते, आणि आतले पाणी तापते, आपल्या पातेल्यासारखेच. त्या दुग्धशाळेत कॅन धुण्याचे पाणी ३० अंशांपासून तापवण्यासाठी त्याच बॉयलरची वाफ खर्ची पडत होती. तेथे ही युक्ती चपखल बसली असती. जेथे बॉयलरला परत येणारे पाणी मुळातच ८०–९० अंशांचे असते, तेथे मात्र तिचा उपयोग नाही.

भट्टीतेल जाळणाऱ्या बॉयलरला हे सहसा जमत नाही. त्या तेलातील गंधकामुळे सल्फ्यूरिक आम्ल बनते व ते लोखंड खाऊन टाकते. नैसर्गिक वायूत गंधक जवळजवळ नसते. निवलेले पाणी किंचित आम्लधर्मी असते खरे, पण गंजरोधक पोलादाच्या नळ्या ते सोसतात.

हा खटाटोप कशासाठी? आपला देश वापरतो त्यातील जवळजवळ निम्मा वायू परदेशांतून येतो. उणे १६२ अंशांना थंड करून त्याचा द्रव करतात, तो जहाजांतून दहेज, दाभोळ अशा बंदरांवर आणतात, आणि तेथे पुन्हा त्याचा वायू करतात. एवढ्या सायासाने आणलेल्या वायूचा दहावा भाग धुराड्यातून सुप्तपणे निघून जातो.

एक अडचण राहते. धुराड्यातील वायू गरम व हलके असतात, म्हणून आपोआप वर चढतात. पन्नास अंशांपर्यंत निवलेल्या वायूंना तेवढा जोर नसतो. अशा बॉयलरला पंखा जोडून त्यांना बाहेर ढकलावे लागते. पंख्याला वीज लागते. पण वाचलेल्या उष्णतेच्या मानाने ती फारच थोडी असते.