काचेच्या बाटलींतील सर्पगंधा

सर्पगंधेचा गुण तिच्या मुळांत आहे, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. म्हणूनच औषधासाठीं सारें झाडच उपटावें लागतें. 1952 सालीं तिच्या मुळांतून रिसर्पिन वेगळें काढण्यांत आलें, रक्तदाबावर त्याचा उपयोग होऊं लागला आणि रानांत खोदाई वाढली. 1990 सालीं तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलें. बीं पेरावें, तर तें थोडें व अनियमित उगवतें.

येथें प्रयोगशाळा साहाय्यास येते. निर्जंतुक केलेलें बीं, साखर व क्षार घालून अगारनें थिजविलेल्या द्रवावर बाटलींत रुजवितात. मग रोपाचें एकेक पेर नव्या बाटलींत ठेवितात. सायटोकायनिन अधिक असतां कोंब फुटतात, ऑक्झिन अधिक असतां मुळें, हें तत्त्व स्कूग व मिलर यांनीं 1957 सालीं तंबाखूच्या पेशींवर दाखविलें. दमट बाटलींतील रोपें एकदम उन्हांत नेल्यास कोमेजतात. त्यांस हळूहळू बाहेरच्या हवेची संवय लावावी लागते.

परंतु एका बियाचीं हजार रोपें म्हणजे एकच झाड हजार ठिकाणीं. एका रोगानें सारींच जावयाचीं. यास्तव निरनिराळ्या झाडांचें बीं घेऊनच आरंभ व्हावा, असें आम्हांस वाटतें. तरच रानाचें रक्षण होईल आणि औषधही टिकेल.