बर्फ पाडणं कधी थांबवायचं?

युटा या अमेरिकेतल्या कोरड्या राज्यात हिवाळ्यात डोंगरांवर जास्तीचा बर्फ पाडतात. उन्हाळ्यात तोच वितळून धरणं भरतो. या कामाच्या नियमावलीत एक छोटा तक्ता आहे आणि मला सगळ्यात जास्त थक्क करतो तो. बर्फ पाडणं कधी थांबवायचं, हे त्यात चक्क आकड्यांत लिहून ठेवलंय.

आधी बर्फ पाडतात कसा ते पाहू. डोंगर चढणाऱ्या ढगातले पाण्याचे थेंब उणे दहा अंशांतही बरेचदा गोठत नाहीत. गोठायला त्यांना योग्य कण लागतो आणि तसे कण हवेत दुर्मीळ. १९४६ साली बर्नार्ड व्हॉनेगट या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, की सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची ठेवण बर्फाच्या स्फटिकाशी जवळपास जुळते. ढगात हा कण मिळाला की त्यावर बर्फ धरू लागतो. म्हणून डोंगरांच्या पायथ्याशी, वाऱ्याच्या वाटेवर यंत्रं ठेवलेली असतात. प्रोपेनची ज्योत, तिच्यात ॲसिटोनमधून सोडलेलं सिल्व्हर आयोडाइड, तेही ताशी काही ग्रॅमच. धूर वाऱ्याबरोबर वर जातो. २०१७ च्या जानेवारीत शेजारच्या आयडाहो राज्यात विमानातून ढगांत असे कण पेरले (यालाच बीजन म्हणतात), तेव्हा विमान ज्या नागमोडी वाटेनं गेलं होतं, तशाच बर्फाच्या रेषा रडारवर उमटल्या!

आता थांबण्याचं. डोंगरात जागोजागी जमिनीवर 'बर्फाच्या उशा' अंथरलेल्या आहेत. या रुंद, चपट्या पिशव्यांत न गोठणारा द्रव भरलेला असतो. वर बर्फ साचला की द्रवावरचा दाब वाढतो आणि त्या दाबावरून बर्फात पाणी किती हे कळतं. बर्फाची नुसती उंची फसवी असते. फूटभर भुसभुशीत बर्फातून जेमतेम इंचभर पाणी निघतं. अमेरिकेच्या पश्चिम भागात अशी माहिती आपोआप पाठवणारी नऊशेहून अधिक केंद्रं आहेत.

युटाचा तक्ता या आकड्यांवर चालतो. बर्फातलं पाणी १ जानेवारीला सरासरीच्या २०० टक्के, १ फेब्रुवारीला १८०, १ मार्चला १६० किंवा १ एप्रिलला १५० टक्के झालं, की त्या खोऱ्यातलं बीजन बंद. मर्यादा उतरत का जाते? जानेवारीत सरासरीच लहान असते; तिच्या दुप्पट म्हणजेही फार पाणी नव्हे, आणि उरलेला हिवाळा कोरडा जाऊ शकतो. एप्रिलपर्यंत सरासरी शिखरावर पोचते, तिच्या दीडपटीनंही नद्या काठ सोडू शकतात आणि वितळण्याचे दिवस तोंडावर आलेले असतात. साचलेल्या बर्फावर कोसळणारा पाऊस, पुराचा इशारा किंवा हिमस्खलनाचा गंभीर धोका असेल, तरीही काम थांबवायचं असतं.

बीजनानं बर्फ वाढतो तो साधारण ५ ते १५ टक्के, तोही योग्य ढग मिळाले तर. मग एवढी खबरदारी कशाला? जमिनीवर पडलेल्या बर्फातला आपला वाटा कुठला, हे नंतर सहजी वेगळं काढता येत नाही. १९५५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कॅलिफोर्नियात फेदर नदीचा बांध फुटून युबा सिटीत तीसहून अधिक माणसं गेली. त्या नदीच्या वरच्या खोऱ्यात बीजन चालू होतं. प्रकरण कोर्टात गेलं. बीजनाला दोषी धरलं गेलं नाही, पण ते ठरायला वर्षं लागली. म्हणूनच मर्यादा आधी ठरलेली हवी. वादळ अंगावर आलेलं असताना 'अजून थोडं चालेल का' हा प्रश्न कुणावरच सोपवू नये. शिवाय ज्योत विझवली तरी हवेत गेलेले कण परत बोलावता येत नाहीत.

महाराष्ट्रात आपण कृत्रिम पावसाची चर्चा दुष्काळातच करतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. २०२३ च्या हिवाळ्यात तो युटाला पडला. एकामागून एक वादळं आली, मर्यादा ओलांडल्या गेल्या आणि अनेक खोऱ्यांतलं बीजन थांबवलं गेलं. बर्फ मात्र पडतच राहिला. एप्रिलमध्ये राज्यभरच्या बर्फातलं पाणी सरासरी ३० इंचांवर पोचलं. युटाच्या नोंदींतला तो उच्चांक होता.