पशुवैद्यक व्यवसायाचे नियमन

पशुपक्ष्यांच्या रोगांचे निदान, औषधोपचार व शस्त्रक्रिया ही कामे पात्रताधारक व नोंदणीकृत व्यक्तींनीच करावीत, यासाठी कायद्याने केलेल्या व्यवस्थेस पशुवैद्यक व्यवसायाचे नियमन म्हणतात. रोगी जनावर आपली व्यथा सांगू शकत नाही आणि झालेला उपचार योग्य होता की नाही, हे मालकास सहसा ठरविता येत नाही. शिवाय अलर्क (पिसाळ रोग), काळपुळी, सांसर्गिक गर्भपात इ. रोग जनावरांपासून माणसांस होतात. त्यामुळे चुकीच्या उपचारांचे परिणाम केवळ पशुपालकापुरते मर्यादित राहत नाहीत.

वैधानिक पार्श्वभूमी : मुंबई येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले व या भागात प्रशिक्षित पशुवैद्य तयार होऊ लागले, तथापि व्यवसायासाठी देशभर समान असे नियम दीर्घकाळ नव्हते. संविधानानुसार पशुवैद्यकीय प्रशिक्षण व व्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे. म्हणून काही राज्यांच्या विधिमंडळांनी अनुच्छेद २५२ अन्वये ठराव केल्यावर संसदेने भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ संमत केला. इतर राज्यांना तो ठरावाने स्वीकारता येतो. महाराष्ट्रात यापूर्वी १९७१ चा राज्य अधिनियम अंमलात होता. केंद्रीय अधिनियम १९९७ पासून लागू झाला. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचे कार्यालय नागपूर येथे आहे.

रचना व कार्ये : शिक्षणाचा किमान दर्जा व मान्य पदव्या यांसंबंधीचे काम केंद्रीय परिषदेकडे असून तिने व्यावसायिक आचारसंहिता १९९२ मध्ये विहित केली. राज्य परिषदेत नोंदणीकृत पशुवैद्यांनी निवडून दिलेले सदस्य, पशुवैद्यक महाविद्यालयांचे प्रमुख, पशुसंवर्धन संचालक व शासननियुक्त सदस्य असतात. राज्याची नोंदवही ठेवणे, नोंदणीचे नूतनीकरण करणे व गैरवर्तनाच्या तक्रारींची चौकशी करणे ही तिची मुख्य कामे होत. संबंधितास बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतरच त्याचे नाव नोंदवहीतून कमी करता येते.

नोंदणीमुळे मिळणारे हक्क : शासकीय पशुवैद्यकाचे पद धारण करणे, व्यवसाय करणे, कायद्याने आवश्यक असलेल्या दाखल्यांवर स्वाक्षरी करणे आणि न्यायालयात तज्ञ म्हणून साक्ष देणे, हे अधिकार अधिनियमाच्या कलम ३० अन्वये नोंदणीकृत पशुवैद्यास मिळतात. नोंदवहीतून नाव कमी झाल्यास हे सर्व अधिकार संपुष्टात येतात. परिषदेच्या शिस्तविषयक अधिकाराचे बळ यातच आहे.

किरकोळ सेवा : विखुरलेल्या खेड्यांत पदवीधर पशुवैद्य वेळेवर पोहोचणे नेहमीच शक्य नसते. म्हणून याच कलमाच्या परंतुकानुसार पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पशुधन पर्यवेक्षकांसारख्या कर्मचाऱ्यांना राज्य शासन आदेशाने किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची अनुज्ञा देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी व प्राथमिक उपचार यांचा त्यांत समावेश होतो. मात्र त्या नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली व निदेशानुसार द्यावयाच्या असतात. देखरेख नाममात्र राहिल्यास किरकोळ सेवा व पूर्ण उपचार यांमधील सीमारेषा पुसट होते. उदा., स्तनदाहावर प्रतिजैविक औषध चुकीच्या मात्रेत दिले किंवा उपचारानंतर ठराविक काळ दूध वर्ज्य करण्याची सूचना दिली नाही, तर औषधाचे अवशेष दुधावाटे ग्राहकापर्यंत पोहोचतात आणि औषधास दाद न देणारे जंतू वाढीस लागतात.

मर्यादा : परिषदेची शिस्तभंगाची कारवाई नोंदणीकृत पशुवैद्यापुरतीच चालते. नोंदणी नसताना व्यवसाय करणे हा अपराध असून त्याची शिक्षा न्यायालय देते. त्यासाठी तक्रार व पुरावा लागतो. प्रत्यक्षात ज्या पशुपालकास दुसरा उपचारक जवळपास उपलब्ध नसतो, तो तक्रार करण्यास सहसा धजत नाही. यामुळे नियमनाचे यश नोंदवहीच्या काटेकोरपणाइतकेच, नोंदणीकृत पशुवैद्याची सेवा गोठ्यापर्यंत किती पोहोचते, यावरही अवलंबून असते.