साखरेचा दाणा कसा धरतो

हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यात सगळ्यांची नजर गव्हाणीकडे असते. साखर कशी उतरणार, हे मात्र पॅनवर ठरतं.

पॅन म्हणजे उंच, बंद भांडं. आतली हवा ओढून घेतलेली असल्यानं उसाचा दाट पाक तिथे साधारण ६०-७० अंशांनाच उकळतो आणि करपत नाही. पाणी उडत जातं, साखर तेवढीच राहते. थोड्याच वेळात पाण्यात मावेल त्याहून जास्त साखर पाकात असते, तरी दाणा पडत नाही! साखरेचे रेणू जमून झुबका होतो खरा. पण तो फार लहान असेल, तर बहुतेक रेणू त्याच्या पृष्ठभागावरच असतात. ते सहज सुटतात आणि झुबका पुन्हा विरघळतो. ठरावीक आकार ओलांडणारा झुबकाच टिकतो, वाढतो. त्याला केंद्रक म्हणतात.

केंद्रकं आपोआप होण्याची वाट कारखाना पाहत नाही. पाक पुरेसा दाटला की अतिशय बारीक दळलेली साखर अल्कोहोलमध्ये कालवून पॅनमध्ये सोडतात. हे बियाणं. पाकातली साखर त्याच कणांवर थराथरानं चढते. १० मायक्रॉनचा कण १ मिलिमीटरचा झाला, तर लांबी १०० पट वाढते, वजन मात्र १० लाख पट. कागदावरच्या हिशेबानं १ ग्रॅम बियाण्याची १ टन साखर होते.

पॅनवरचा कामगार सारखा नमुना काढतो, काचेवर पसरतो, उजेडात धरून दाणे न्याहाळतो. वाफ जास्त दिली आणि पाणी झपाट्यानं उडालं, तर जुन्या दाण्यांना साखर खेचून घ्यायला वेळच मिळत नाही. मग मधल्या जागेत नवे, भुकटीसारखे कण उठतात. हा खोटा दाणा. पुढे दाण्यांपासून मळी, म्हणजे उरलेला पाक, वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगल यंत्रात तो जाळी तुंबवतो, मळी नीट निघत नाही. वेळीच लक्षात आलं, तर गरम पाणी सोडून तो विरघळवता येतो. यंत्रं कितीही आली, तरी या नजरेचं मोल मोठं आहे.

खडीसाखरेत घाई अजिबात चालत नाही. पाक सावकाश थंड होऊ देतात. दोऱ्यावर मोजके दाणे धरतात आणि ते दिवसेंदिवस वाढत राहतात.

घरचा पाकही याच नियमानं चालतो, फक्त तिथे दाणा नको असतो. लिंबाच्या आंबटपणानं थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. हे परके रेणू दाणा जुळू देत नाहीत. त्यामुळे पाकात लिंबू पिळाच, आणि पातेल्याच्या कडेला चिकटलेली साखर ओल्या फडक्यानं पुसून घ्या. तिथला एखादा दाणा आत पडला, तरी सगळा पाक साखरू शकतो.