राखणीच्या कुत्र्याचें पिलूं

शेतावर राखणीस कुत्रें असावें, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु वासरूं घेतांना दांत, खूर व कूळ पाहणारे आपण, पिलूं मात्र वाटेवरून उचलून आणतों आणि गोठ्यापाशीं सोडून देतों. मींही तेंच केलें. दोन पावसाळ्यांपूर्वीं आणलेलें आमचें पहिलें पिलूं जेमतेम चार आठवड्यांचें होतें. महिन्याभरांत त्यास रक्ताची हगवण लागली व तिसऱ्या दिवशीं तें गेलें. नातवंडें दोन दिवस नीट जेवलीं नाहींत.

रोग पार्वो नांवाचा, विषाणूपासून होणारा. १९७८ मध्यें तो प्रथम निरनिराळ्या देशांत फैलावला. त्याचें बीज मातींत महिनोन्महिने टिकतें व पुष्कळशा साध्या जंतुनाशकांस दाद देत नाहीं. फरशी धुऊन तीवर ब्लीचिंग पावडरचें पाणी ओतल्यास तें मरतें. अंगणाच्या मातीस मात्र असा उपाय चालत नाहीं. म्हणून वर्षभर आम्ही दुसरें पिलूं आणलें नाहीं.

एक लस टोचली म्हणजे काम झालें, ही समजूत खोटी आहे. आईच्या पहिल्या चिकाबरोबर पिलास जी रोगप्रतिकारक शक्ति मिळते, तीच आरंभीं लशीस निष्फळ करिते. ती केव्हां ओसरेल याचा नेम नाहीं. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळावा आठवडा होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनीं लस पुन्हा टोचावी लागते. पिसाळरोगाची लस तीन महिन्यांनंतर, व पुढें पशुवैद्यांच्या सल्ल्यानें दरवर्षीं. जंताचें औषध तर दोन आठवड्यांच्या वयापासूनच सुरू करावें. पिलाच्या विष्ठेंतील जंतांची अंडीं अंगणांत खेळणाऱ्या मुलांच्या पोटांत जातात.

यंदाचा मोत्या आठ आठवडे आईपाशीं राहून आला. त्याच्या आईच्या अंगाखालचें पोतें मागून आणलें होतें, तरी पहिल्या दोन रात्रीं त्यानें वस्ती जागी ठेविली. गाईचें दूध भरपूर पाजण्याची आमच्या घरांतील हौस अंगाशीं आली. त्यास ढाळ लागली. आतां दिवसांतून चार वेळां थोडा दहीभात, कुसकरलेली भाकरी, उकडलेलें अंडें. कांदा-लसणाचें कालवण वर्ज्य. तासगांवकडील बंधूंनीं तर विशेष जपावें, कारण द्राक्षें व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरतात, आणि शेडमध्यें सांडलेला बेदाणा पिलूं सहज वेंचून खातें.

दांत शिवशिवूं लागले कीं जोडे व ठिबकाच्या नळ्या यांवर संकट येतें. मारून उपयोग नाहीं. जाड दोराची गांठ चावावयास द्यावी. कोंबड्यांमागें धांवण्याची खोड मात्र पहिल्याच दिवशीं मोडावी. मोत्यास आम्ही दोरीनें बांधून रोज अर्धा तास खुराड्यासमोर बसवितों. शांत बसल्यास भाकरीचा तुकडा देतों. लागलीच यश येत नाहीं. गेल्या आठवड्यांत त्यानें एका तलंगीचें शेपूट उपटलेंच.

खेळतांना त्याचा दांत नातवास लागला, तेव्हां शेजारीं हळद-चुना घेऊन आले. आम्ही जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुतली व मुलास सरकारी दवाखान्यांत नेलें. पिसाळरोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर बहुधा इलाज उरत नाहीं.

प्रत्येक टोचणीची तारीख मी खडूनें कपाटाच्या दारावर लिहून ठेवितों. जन्मभर दप्तरांत काम केल्याची ही खोड. शेवटची मार्गशीर्षांत आहे. तोंवर मोत्याचा मुक्काम कुंपणाच्या आंत.