बाजाराच्या पायातले रंगमंदिर

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील कार्ताखेना या बंदरात 1988 साली हस्तकला-केंद्राच्या इमारतीसाठी एक जागा मुक्रर झाली आणि बांधकामापूर्वीचा रिवाज म्हणून तेथील जमीन उकरण्यास आरंभ झाला, तेव्हा त्या केंद्राऐवजी एक अख्खे रोमन रंगमंदिर पदरात पडेल असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. टेकडीच्या त्या उतारावर घरांना घरे चिकटून शतकानुशतके वस्ती नांदत आली होती, आणि आपल्या ओट्याखाली दगडी आसनांच्या पंक्ती उतरत गेल्या आहेत हे तेथील रहिवाशांच्या पिढ्यान् पिढ्यांना ठाऊक नव्हते.

कार्थेजच्या लोकांनी वसविलेले हे नगर इ. स. पूर्व 209 मध्ये रोमन सेनापती स्किपिओने जिंकले. परिसरातील रुप्याच्या खाणींनी त्याला वैभव दिले. आणि इसवी सनाच्या आरंभापूर्वीच्या अगदी शेवटच्या वर्षांत, ऑगस्टस बादशहाच्या अमदानीत, सुमारे सहा हजार प्रेक्षक सामावतील असे हे रंगमंदिर उभारून बादशहाचे नातू गायस आणि ल्युसियस यांच्या नावे ते अर्पण करण्यात आले. मधली आसने टेकडीच्या खडकातच खोदलेली आणि बाजूची कमानदार भुयारांवर तोललेली आहेत. जेथे निसर्गाने आधार दिला तेथे तो घ्यावा आणि जेथे दिला नाही तेथेच खर्च करावा, ही त्या स्थपतींची हिशेबी बुद्धी आजही उघड्या डोळ्यांना दिसते. रंगमंचामागील भव्य भिंतीसाठी मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. खांब मुला गावच्या गुलाबी दगडाचे, आणि त्यांवरील शीर्षे थेट इटलीतील लुनीच्या पांढऱ्या संगमरवराची. दूरच्या प्रांतातील नगराला आपली राजनिष्ठा दाखवायची होती, आणि त्यासाठी नाटकघराच्या भिंतीइतकी सर्वांच्या दृष्टीसमोर राहणारी दुसरी जागा नव्हती.

उत्खनन करणाऱ्याला हा सारा इतिहास उलट्या क्रमाने वाचावा लागतो. सेबास्तियान रामायो आणि एलेना रुइस या संशोधकांना प्रथम अलीकडची घरे भेटली, त्यांखाली मुसलमानी अमलातील वस्ती, त्याखाली सहाव्या शतकात बिझांटिनांनी बंदर ताब्यात घेतल्यानंतरचा मोहल्ला, आणि त्याहीखाली पाचव्या शतकातला एक बाजार. खालचा थर पाहावयाचा तर वरचा थर उचलावाच लागतो, आणि एकदा उचललेला थर पुन्हा अंथरता येत नाही. म्हणून प्रत्येक भिंतीची मोजणी, आरेखन आणि नोंद झाल्याखेरीज कुदळ पुढे सरकू नये, हा या विद्येचा कडक दंडक आहे. तिच्यात दफ्तराला कुदळीइतकेच मोल आहे.

मला या सर्व थरांत बाजाराचे महत्त्व विशेष वाटते. नाटकांचा काळ सरला होता, आगीत इमारत होरपळली होती, आणि नव्या बांधकामाला दगड हवा होता. तेव्हा त्या काळच्या गवंड्यांनी खांब, शीर्षे आणि कोरीव चिरे जसे हाती आले तसे पाया-भिंतींत बसविले. आपल्याकडे विहिरीच्या बांधकामात वीरगळ चिणलेला आढळतो, तशातलीच ही गोष्ट. वरवर पाहता हा विध्वंस. परंतु चिणला गेलेला चिरा जागेवरच राहिला, इतस्ततः विखुरला नाही. बाजाराचा आराखडाही जुन्या अर्धवर्तुळालाच धरून आखलेला होता. ज्यांनी रंगमंदिर मोडले त्यांनीच ते आपल्यासाठी राखले, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

आज तेथे जाणाऱ्याने नगरभवनासमोरील एका जुन्या वाड्यातून आत शिरावे. राफाएल मोनेओ या वास्तुविशारदाने आखलेले आणि 2008 साली खुले झालेले हे संग्रहालय दालनामागून दालन चढवीत, रस्त्याखालून आणि मग जुन्या चर्चच्या पोटातून, प्रेक्षकाला नेते. वाटेत बाजाराच्या भिंतींतून सुटलेले कोरीव दगड जवळून न्याहाळता येतात, आणि मग एकाएकी माणूस आसनांच्या वरच्या पंक्तींपाशी उघड्या उन्हात येतो. आसनांच्या डागडुजीत नव्या दगडाचा रंग जुन्याहून निराळा ठेवला आहे. पाहणाऱ्याची फसवणूक होऊ नये, ही सचोटी मला फार आवडली.

तेराव्या शतकात मूळ धरलेले सांता मारिया हे चर्च नेमके वरच्या आसनांवरच उभे आहे. स्पेनच्या यादवी युद्धात त्याचा विध्वंस झाला आणि आता ते छप्पराविना आहे. ते पाडले असते तर रंगमंदिराचे अर्धवर्तुळ पूर्ण उघडे पडले असते, आणि तसा मोह कोणालाही व्हावा. पण खालची घरे ज्या अधिकाराने हटविली, तोच अधिकार येथे वापरला नाही हे योग्यच झाले, कारण त्या उतारावर प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांची शतके नाटकासाठी जमलेल्यांच्या काळाहून कितीतरी अधिक भरतात. वरच्या काही पंक्ती त्यामुळे अजून चर्चच्या पायाखालीच आहेत.